मत मांडावे, मग प्रसादाला बसावे

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला आहे : 'रोखठोक मत मांडणे आता असभ्य ठरू लागले आहे काय?' विषय ऐकून मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांना हसू आले, ते आम्ही पाहिले. हसण्यासारखेच आहे. ज्या मंडळाने आपला परिसंवाद बंद केला, त्याच मंडळाने हा विषय द्यावा! पण त्या वेळी कार्यकारिणीत आम्हीही होतो. तेव्हा दोष दुसऱ्यावर ढकलत नाही.

नव्या मंडळींसाठी थोडे सांगतो. पूर्वी आपल्या उत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परिसंवाद असे. एका वर्षी विषय होता, 'आमच्या मुलांची भाषा कोणती?' एक काका उठले आणि म्हणाले, "आपली मुले इथे जन्मली, इथेच पोट भरणार. घरी मराठी बोलू, वाचू. पण शाळेत त्यांना कन्नड मनापासून शिकू द्या. आणि या मांडवातही शेजाऱ्यांना कळेल असे काहीतरी कन्नडमध्ये होऊ द्या." झाले! कोणी ओरडले, "मग मराठी मंडळ हवे कशाला?" कोणी त्यांना घरभेदी म्हणाले. काका काही न बोलता खाली बसले. त्या दिवशी ते आरतीला थांबले नाहीत. पुढच्या बैठकीत ठराव झाला, की यापुढे वादाचे विषय नकोत. ठराव एकमताने मंजूर झाला. हात आम्हीही वर केला होता. तेव्हापासून तिसऱ्या दिवशी अंताक्षरी असते. काका वर्गणी न चुकता पाठवतात. स्वतः येत नाहीत.

आपण असे का झालो, याचे एक कारण आपल्या इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे गाव मुंबई राज्यात होते. आपले आजे-पणजे रेल्वेच्या कारखान्यात, पेढीवर, शाळेत, कचेरीत नोकरीला आले, ते आपल्याच राज्यातल्या एका गावाहून दुसऱ्या गावी आले. मग राज्यांच्या सीमा बदलल्या आणि आपण होतो तिथेच राहिलो. सीमाप्रश्न पेटला, दोन्हीकडच्या एसटी बंद पडल्या, की कोल्हापूरहून मामांचा फोन येतो, "काय रे, तिकडे ठीक ना?" त्यांना आपण एक उत्तर देतो. गोकुळ रोडवर किराणा आणायला गेलो, की दुकानदार अण्णा विचारतात. त्यांना दुसरे देतो. आणि आपले खरे उत्तर कोणालाच देत नाही. पन्नास-साठ वर्षे असे वागल्यावर गप्प बसणे हीच आपली सभ्यता झाली.

यात सगळेच वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. दुखवट्याच्या घरी, लग्नाच्या पंगतीत, शेजाऱ्याच्या ओसरीवर तोंड आवरणे याला मर्यादा म्हणतात, आणि ती हवीच. पण बोलण्यासाठीच राखून ठेवलेली जागासुद्धा आपण बंद केली. ही मर्यादा नव्हे. ही सोय झाली.

'पूर्वी लोक मोकळेपणाने बोलत, आता सहन होत नाही,' असे आपण म्हणतो. तेही पूर्ण खरे नाही. आगरकरांचे उदाहरण घ्या. १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे सामाजिक सुधारणांवरून त्यांचे इतके बिनसले, की आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. म्हणजे कडक मत तेव्हाही लोकांना रुचत नव्हतेच. दोघांची मैत्रीही तुटली. त्यावर आपण उगाच गोड रंग चढवू नये. पण दोघांनी आपापले म्हणणे आपल्या नावाने, उघड, वर्षानुवर्षे मांडले आणि महाराष्ट्राला दोन्ही बाजू वाचायला मिळाल्या. १८९५ साली आगरकर गेले, वय अवघे ३८. 'केसरी'त त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

दुसरे उदाहरण तर गणपतीच्या मांडवातलेच आहे. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक उत्सवात प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न केला : उत्सव सार्वजनिक, तर अस्पृश्य बांधवांना पूजेचा हक्क का नाही? मोठा तंटा झाला. शेवटी अस्पृश्य बांधवाने दिलेली फुले पुजाऱ्याने मूर्तीला वाहायची, अशी तडजोड निघाली. आज ती तडजोड आपल्याला अपुरी वाटते, आणि ती अपुरीच होती. पण तो प्रश्न मांडवाच्या दाराशी कोणी थांबवला असता, तर तेवढेही झाले नसते.

आता आपल्या घराजवळचे सांगतो. इथून वीसेक किलोमीटरवर, धारवाडच्या कल्याणनगरात, ३० ऑगस्ट २०१५ रोजी सकाळी डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या राहत्या घरी गोळ्या घालण्यात आल्या. वचन साहित्याचा एवढा मोठा अभ्यासक, हंपीच्या कन्नड विद्यापीठाचा माजी कुलगुरू. १९८९ साली त्यांच्या लेखनावरून वादळ उठले होते, तेव्हा घरच्यांच्या जिवासाठी त्यांनी काही विधाने मागे घेतली होती आणि त्या दिवशी आपण बौद्धिक आत्महत्या केली, असे ते म्हणाले होते. त्यांची सगळी मते पटायला हवीत असे मुळीच नाही. त्या वर्षी गणपती १७ सप्टेंबरला बसले. खुनाला तीन आठवडेही झाले नव्हते. आपल्या मांडवात त्यावर एक शब्द निघाला नाही. दोन मिनिटे उभे राहण्याचेसुद्धा आम्हाला सुचले नाही. 'तो त्यांच्यातला विषय आहे,' असे आम्ही एकमेकांना सांगितले. दाभोलकर पुण्यात गेले, पानसरे कोल्हापूरचे गेले, तेव्हा घरोघर हळहळ होती. धारवाडचा माणूस मात्र 'त्यांच्यातला' झाला. आपण नक्की कोणत्या गावात राहतो, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडायला हवा होता.

कोणी म्हणेल, हल्ली लोक गप्प कुठे आहेत? दूरदर्शनवर, फोनवर रात्रंदिवस आरडाओरडा चालू असतो. खरे आहे. पण तो बहुतेक आपल्याच माणसांत, आपल्याच बाजूने असतो. तिथे मत मांडायला काही लागत नाही. समोर बसलेल्या, आपल्याला ओळखणाऱ्या, उद्या बाजारात भेटणाऱ्या माणसाला 'तुमचे मला पटत नाही' असे नाव घेऊन सांगणे अवघड आहे. ती सवय मोडली आहे. आणि ऐकून घेऊन तिथेच बसून राहण्याची सवय त्याहून अधिक मोडली आहे. काकांनी कडक मत मांडले, हे त्या दिवशी चुकले नव्हते. ते उठून गेले तेव्हा त्यांना थांबवायला आपल्यातले कोणीच उठले नाही, हे चुकले.

म्हणून एक सूचना करतो. पुढच्या वर्षी तिसऱ्या दिवशीचा परिसंवाद पुन्हा सुरू करा. नियम तीनच असावेत. प्रत्येकाने दहा मिनिटांत, स्वतःच्या नावाने बोलावे. उत्तर देणाऱ्याने आधी समोरच्याचे म्हणणे असे सांगावे, की तो 'होय, हेच मी म्हणालो' असे कबूल करील. आणि प्रसाद घेतल्याशिवाय कोणी घरी जाऊ नये.

विषयही सुचवतो, आणि त्यावरचे आमचे मत आजच सांगून टाकतो, नाहीतर हे भाषण पोकळ ठरेल. काका बरोबर होते, असे आम्हाला वाटते. या मांडवात एक संध्याकाळ कन्नडची असावी आणि शेजारच्या घरांना रीतसर बोलावणे जावे. त्याने आपली मराठी बुडणार नाही. घरात मराठी पुस्तक न उघडल्याने बुडेल. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी पुढच्या वर्षी आम्हाला इथेच खोडून काढावे.

गेल्या महिन्यात आम्ही चौघे काकांच्या घरी गेलो होतो. इतक्या वर्षांनी माफी कशी मागायची ते कळेना. आम्ही चाचरत विषय काढला. काका हसले आणि म्हणाले, "माझे मत अजून तेच आहे, बरं का!" मग काकूंना हाक मारून त्यांनी चहा सांगितला. निघताना म्हणाले, "ऊट माडकोंड होग्री." आम्ही जेवूनच निघालो. आज ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत. आरतीला थांबणार आहेत.

गणपती बाप्पा मोरया!