पाहुणा आला म्हणे

माझी एक भाची तुर्की शिकते. भाषांतराच्या पेपरात नापास झाली आणि पुस्तकं बांधून ठेवायला निघाली. मी तिची उत्तरपत्रिका पाहिली. चुका अज्ञानाच्या नव्हत्या, ओळखीच्या होत्या. तुर्कीत 'मिसाफिर' म्हणजे पाहुणा. तिनं प्रवासी लिहिलं. 'फकात' म्हणजे पण. तिनं फक्त लिहिलं. आमच्या घरात उर्दू-मराठी दोन्ही, त्यामुळं हे शब्द आपलेच वाटले.

दुसरी चूक मला जास्त लागली. 'गेल्दी' म्हणजे आला, खात्रीनं. 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे. तिनं दोन्हीकडं 'आला' लिहिलं, कारण मनात आधी इंग्रजी करत होती. अहो, तुर्कीचं क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, प्रत्यय मागून चिकटतात. 'एव' घर, 'एवलेरिमिझदेन' आमच्या घरांतून. मग इंग्रजीचा वळसा कशाला? एक मात्र वेगळं: 'ओ' म्हणजे तो, ती आणि तेही. म्हणून उतारा पुरता वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

लेखनासाठी रोज पाच ओळी. तुर्कीचं मराठी करायचं, तीन दिवसांनी मूळ झाकून पुन्हा तुर्की करायचं, मग ताडून पाहायचं. स्वरांचा मेळ तिथं सापडतो: 'एवलेर', पण 'किताप्लार'.

फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काल ती झोपून उठली, मला पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'दायम गेल्मिश'. मी चूक काढायला गेलो, तर म्हणाली, "नाही मामू, बरोबर आहे. मामू आलेले दिसतात."