लिहील यंत्र, जाब आपला

अमेरिकेने आपल्याला हवा तो क्रे महासंगणक दिला नाही. म्हणून पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला. त्यात अनेक लहान प्रक्रियक एकाच वेळी राबत. मात्र खरा वेग होता कामाच्या वाटणीत. एकमेकांची वाट पाहत बसले, तर शंभर प्रक्रियकही एकाइतकेच!

आज कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात आज्ञावली लिहून देते. आम्ही प्रोग्रामर ती घेतोही. पण ती कोठे रेंगाळते, कोठे चुकते, हे मोजल्यावाचून नव्हे. उद्या सिंहस्थाच्या गर्दीची मोजदाद अशा आज्ञावलीवर सोपविली आणि ती चुकली, तर या गोदाकाठी जाब यंत्राला कोण विचारणार? तो आम्हांलाच द्यावा लागेल.