गोळ्यांचा डबा भरला, मनाचं काय?

आज बोलायचंय ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनाबद्दल.

शुगर, बीपी, गुडघे, लकवा. आपण गोळ्यांचा डबा भरून देतो, पथ्य सांभाळतो. पण पारावर बसणारे आबा अंगणातही येईनात, आत्या अर्धी भाकरी टाकून उठायला लागल्या, की आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच." ते दर वेळी वयामुळेच नसतं. ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.

2017-18 साली देशभर झालेल्या पाहणीत साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे आठ जणांत नैराश्याची लक्षणं दिसली. डॉक्टरांकडून निदान झालेला मात्र शंभरात एकही भरत नव्हता. म्हणजे बाकीचे घरातच गप्प बसून होते.

मन खचलं की माणूस गोळी चुकवतो, जेवण टाळतो. मग शुगर बिघडते आणि मन आणखी खचतं.

म्हणून जवळ बसून दोन प्रश्न विचारा. गेल्या पंधरा दिवसांत बहुतेक वेळ उदास वाटलं का? आवडीच्या गोष्टीतही मन लागेना झालंय का? एकाचंही उत्तर "हो" आलं तर आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात दाखवा. औषध सुरू झालं तर गुण यायला काही आठवडे लागतात; मनानं बंद करू नका. टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

"देवा, आता उचल" असं कुणी सारखं म्हणत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळं होतं. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि "तुम्ही नुसतं बसा" म्हणू नका. लसूण सोलू द्या, उसाच्या लागणीचा सल्ला विचारा. आपण कुणाला तरी लागतो, हे माणसाला कळलं पाहिजे.

हे सगळं एकट्या सुनेच्या गळ्यात नको. दवाखान्याची पाळी लेकानं घ्यावी, लेकीनं रोज फोन करावा. पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे जमा झाले की प्रत्येकीनं सांगायचं, घरातलं म्हातारं माणूस या महिन्यात कुणाशी बोललं?