बार्सिलोनाला पहिल्यांदा जाताना
(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या बी विंगमधली दोन जोडपी येत्या मे महिन्यात टूर कंपनीशिवाय, आपली आपणच बार्सिलोनाला निघाली आहेत. आम्ही दोघं तिथे बारा दिवस राहून आलो, म्हणून मला बोलायला सांगितलं. काय काय बघायचं ते मोबाइलवर मिळतं, ती यादी मी देत नाही. मी बँकेतला माणूस, पैसे आणि कागदपत्रं यांवरच बोलणार.

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. प्रवासात तोच नियम लावा. एका बँकेचं कार्ड नवऱ्याकडे, दुसऱ्या बँकेचं बायकोकडे. मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, झेरॉक्स खिशात. कारण या शहरात मारामारीची भीती फारशी नाही, पण पाकीटमार मात्र कसबी आहेत. रांब्ला हा गजबजलेला रस्ता, मेट्रोचं दार आणि सग्रादा फॅमिलियाच्या आजूबाजूला माना वर करून उभे असलेले आपण, ही त्यांची ठिकाणं. कोणी म्हणालं, ‘तुमच्या खांद्यावर पक्ष्याची घाण पडली, पुसून देतो,’ तर थांबू नका. आमच्या सौ.च्या पर्सची चेन मेट्रोत कोणीतरी सफाईने उघडली होती. आत रुमाल आणि बडीशेपेची डबी! पासपोर्टच गेला तर मात्र पोलिसांत तक्रार नोंदवून तिचा कागद घ्यावा लागतो. आपला दूतावास माद्रिदला आहे, म्हणजे वेगवान रेल्वेनेही अडीच-तीन तास.

कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू आहेत ना, हे निघण्यापूर्वी ॲपमध्ये बघा. नव्या कार्डांवर ते आपल्याला सुरू करून घ्यावे लागतात. दुकानातलं मशीन कधी विचारतं, रुपयांत की युरोत? युरोच म्हणायचं. रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं, पण तो दर बहुधा महाग पडतो.

आता सग्रादा फॅमिलिया. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, त्यावर आत जाण्याची वेळ असते. या चर्चचं काम १८८२ साली सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते अंतोनी गौदी यांच्याकडे आलं. जून १९२६ मध्ये या थोर वास्तुरचनाकाराला ट्रामची धडक बसली. अंगावर जुने कपडे, जवळ ओळखीचा एकही कागद नाही. लोकांना तो भिकारी वाटला, मदत मिळायला वेळ गेला. तीन दिवसांनी ते वारले. त्यांची समाधी तिथेच तळघरात आहे. वय होतं ७३. आपल्यातल्या निम्म्या मंडळींचं तेवढंच आहे, म्हणून हे सांगतो.

खिशात एक कार्ड ठेवाच. नाव, रक्तगट, आजार, हॉटेलचा पत्ता, मुलाचा फोन. गोळ्यांची आपल्याकडची कंपनीची नावं तिथे कामाची नाहीत, आतल्या औषधाचं नाव लिहा. तातडीचा नंबर ११२. व्हिसासाठी ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, पण बी.पी., डायबेटीस असे जुने आजार त्यात धरलेत का, ते बारीक अक्षरांत वाचा. एजंट ते आपणहून सांगत नाही.

मेट्रोला ‘टी-कॅज्युअल’ कार्ड घ्या, दहा फेऱ्यांचं. दोघांना मिळून एक चालत नाही, आणि विमानतळाच्या मेट्रो स्टेशनला ते चालत नाही.

जेवणाचं सांगतो. तिथे दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं नऊनंतर. गोळीची वेळ सांभाळायची तर पिशवीत खाकरा हवा. शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘मांस नको’ म्हणू नये, कारण पुष्कळांच्या लेखी हॅम म्हणजे मांस नव्हेच आणि साध्या सॅलडवरही ट्यूना मासा येतो. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन’ असं तिन्ही म्हणा. तोर्तिया म्हणजे आपली पोळी समजू नका, ते बटाट्याचं ऑम्लेट असतं. पाववर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घालतात, ते मात्र झकास.

मी खिशातल्या कार्डाचा नमुना टाइप करून ठेवला आहे. जाणाऱ्यांनी सायंकाळी घरी येऊन घेऊन जावा, येताना गोळ्यांची पाकिटं आणावीत, म्हणजे नावं तिथेच भरून टाकू.