वेताळाचे चित्र आणि आपली अक्षरे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



कवीला व्यासपीठावर बोलावले की तो कविता म्हणेल, अशी धास्ती श्रोत्यांना असते. तेव्हा प्रथमच अभय देतो. आज आम्ही बोलणार आहोत ते चित्रांच्या गोष्टींविषयी.

तरुणपणी आम्हांला चित्रकथांचा तिटकारा होता. ज्याला शब्द पेलत नाहीत त्याने चित्रे पाहावीत, असे आम्ही चारचौघांत ठासून सांगत असू. आपण स्वतः वाचायला शिकलो ते ‘चांदोबा’मुळे, हे मात्र सोयीस्करपणे विसरत असू. विदर्भातल्या आमच्या लहानशा गावी दरमहा येणारा तो अंक आम्हांला अस्सल घरचा वाटे. पुढे नोकरीनिमित्त या शहरी आलो (तेव्हा ते मद्रास होते) आणि कळले की आमचा चांदोबा उगवत होता तो इथे, वडपळनीला!

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत हे मासिक काढले; १९५२ मध्ये त्याची मराठी आवृत्ती निघाली. कोडवटिगंटी कुटुंबराव यांच्या संपादनाखाली गोष्टी तेलुगूत सिद्ध होत आणि तेथून अन्य भाषांत जात. चित्र मात्र सर्वांना एकच. भोवतीचा मजकूर तेवढा बदले. हाती तलवार, खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चाललेला विक्रमराजा आपणां सर्वांना आठवत असेल. ते चित्र के. सी. शिवशंकरन, म्हणजे ‘शंकर’ यांचे. याच शहरातील कलाशाळेत ते शिकले. मासिक २०१३ च्या सुमारास बंद पडले; शंकर २०२० मध्ये गेले आणि पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

महिन्यामागून महिने राजा तोच, झाड तेच, प्रेतही तेच. तरी कंटाळा कसा आला नाही? ध्रुवपदाचा कोणाला कंटाळा येतो काय! आणि त्या राजाचे मौन पाहा. तो बोलला रे बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. कवितेचेही असेच आहे. कवी अर्थ समजावून सांगू लागला की कविता खांद्यावरून निसटलीच. हे आम्हांला कोणत्याही काव्यशास्त्राने इतके स्पष्ट सांगितले नव्हते.

कोकणात कुडाळजवळ पिंगुळीचे चित्रकथी सुटी चित्रे एकामागून एक दाखवीत कथा गातात. एक चित्र खाली गेले, दुसरे अजून वर आले नाही, त्या क्षणी कथा पुढे सरकते ती ऐकणाऱ्याच्या मनात. ओवीच्या दोन चरणांमध्ये तरी दुसरे काय घडते? चित्रकथा परदेशातून आली म्हणून नाक मुरडणाऱ्यांत आम्हीही होतो, याची आता लाज वाटते.

आमच्यापुढचा खरा प्रश्न घरातला आहे. आमची सात वर्षांची नात मराठी उत्तम बोलते, पण तिच्या शाळेत तमिळ आणि इंग्रजी. आमचा कवितासंग्रह हाती घेऊन तिने आजोबांना ओळखले ते मलपृष्ठावरील छायाचित्रावरून. ज्याने हयातभर अक्षरांचा संसार केला, त्याला हे कसे सोसावे? आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच आहे, हे आम्ही जाणतो.

गेल्या पावसाळ्यात तिला चांदोबाचा एक जुना, बांधीव खंड दिला. चित्रावर बोट ठेवून तिने विचारले, “हा कोण लोंबकळतोय?” आम्ही उत्तर दिले नाही, खालच्या अक्षरांकडे बोट दाखविले. रोज एक अक्षर, असे चालले. ‘वे’ झाला, ‘ता’ झाला. शेवटचे अक्षर आम्ही उच्चारून दाखविले, तशी ती उडालीच. “आजोबा, हा तर आमच्या पळ्ळीतला ळ!” तमिळमधल्या शाळेतही ळ आणि मराठीतल्या शाळेतही ळ, आमच्या ध्यानी इतक्या वर्षांत आले नव्हते.

आता एक विनंती. कोणाच्या माळ्यावर जुने चांदोबा असतील तर मंडळाच्या ग्रंथालयाच्या कपाटात आणून द्यावेत. मुखपृष्ठ नसले तरी चालेल, वाळवीने कडा खाल्ल्या असल्या तरी चालतील. खळ आणि कागद घेऊन आम्ही दर रविवारी सकाळी दहा वाजता येथे बसलेले असू.