तीस दिवसांचं पत्र

(ऑनलाइन युवा बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

संयोजकांनी विषय दिला होता ‘परदेशातलं नागरिकत्व’. मी तेवढ्या उंचीवर जाणार नाही. ब्रिटनमधल्या एका कराबद्दल आणि मी न केलेल्या एका अपिलाबद्दल बोलतो.

आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. ब्रिटनमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती बरीच जुनी आहे. मी तिथे नोकरीनिमित्त गेलो, स्थायिक झालो आणि मुलीच्या जन्मानंतर बायकोने चाइल्ड बेनिफिटचा अर्ज केला. मुलांच्या संगोपनासाठी सरकार देतं ती ही रक्कम. (तुमच्यातले जे वर्क व्हिसावर जाणार आहेत त्यांनी आधीच ऐकून ठेवा: कायम वास्तव्याची परवानगी मिळेपर्यंत सहसा हा अर्ज करता येत नाही. व्हिसाच्या अटीतच ते असतं.)

7 जानेवारी 2013 पासून या रकमेवर एक चार्ज बसला. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाचं वार्षिक उत्पन्न 50,000 पौंडांच्या वर गेलं की मिळालेली रक्कम थोडी थोडी परत करायची आणि 60,000 ला पोचलं की सगळी. एप्रिल 2024 पासून ही मर्यादा 60,000 ते 80,000 झाली. गंमत बघा. त्या वेळी नवरा-बायको दोघं 49,000 मिळवत असतील, म्हणजे घरात 98,000 येत असतील, तर चार्ज शून्य. एकजण 60,000 मिळवतो आणि दुसरी घर सांभाळते, तर सगळी रक्कम परत. आपल्याकडची किती घरं या दुसऱ्या प्रकारची आहेत ते मी सांगायला नको. 2024 च्या मार्चमध्ये तेव्हाच्या सरकारने संपूर्ण घराचं उत्पन्न धरू असं जाहीर केलं. नंतरच्या सरकारने ते सोडून दिलं.

माझा पगार 50,000 च्या वर गेला तेव्हा हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कर पगारातून कापला जातो, मग आपलं काम संपलं असं मी धरून चाललो. बेनिफिट बायकोच्या नावावर, चार्ज माझ्या नावावर, आणि तो कळवायची जबाबदारीही माझी. 2021 च्या वसंतात कर खात्याचं पत्र आलं: मागच्या तीन वर्षांची रक्कम भरा. खाली लिहिलं होतं, मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करा. मी ती ओळ वाचली, पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि पैसे भरून टाकले. सरकारशी वाद कशाला? बाहेरून आलेल्या माणसाच्या मनात हे असतंच.

त्याच सुमारास विल्क्स नावाच्या एका करदात्याचा खटला चालू होता. कर खात्याने त्याच्यावर अशीच जुन्या वर्षांची आकारणी केली होती. मुद्दा साधा होता. ज्या कलमाखाली ही आकारणी झाली, ते कलम ‘कर आकारायचं राहून गेलेल्या उत्पन्ना’साठी होतं. इथे उत्पन्नावरचा कर तर आधीच कापला गेला होता, आणि हा चार्ज म्हणजे काही उत्पन्न नव्हे. 2020 मध्ये पहिल्या न्यायाधिकरणात तो जिंकला, 2021 मध्ये वरच्या, आणि 2022 च्या अखेरीस कोर्ट ऑफ अपीलमध्येही.

मधल्या काळात, फेब्रुवारी 2022 मध्ये, सरकारने कायदाच बदलला, तोही मागच्या तारखेपासून. ज्यांनी 30 जून 2021 पर्यंत हाच मुद्दा काढून अपील केलं होतं, त्यांना मात्र जुन्या कायद्याचं संरक्षण राहिलं. आमच्या जमातीतल्या एका भाईंनी तसं अपील केलं होतं. माणूस दुकानदार, वकील नव्हे. मी पदवीधर, आणि माझं पत्र ड्रॉवरमध्ये.

आता तो मुद्दा उरलेला नाही, हे स्पष्ट सांगतो. चार्ज लागू आहे आणि देय असेल तर भरायचाच. पण दंडाला आव्हान देता येतं. 2013 च्या आधी अर्ज केलेल्यांच्या फॉर्मवर या चार्जचा उल्लेखच नव्हता. ‘वाजवी कारण’ म्हणून अशा काहींची बाजू न्यायाधिकरणाने मान्य केली आहे. आधी खात्यातल्याच दुसऱ्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी मागता येते, आणि न्यायाधिकरणात जायला फी नाही.

आकडेही तपासा. हिशेबात पूर्ण पगार धरत नाहीत, समायोजित उत्पन्न धरतात. पेन्शनचा हप्ता त्यातून वजा होतो. नोंदणीकृत संस्थेला ‘गिफ्ट एड’ भरून दिलेलं दानही होतं, मग ती जकात का असेना. समजा उत्पन्न 64,000 आणि दोन मुलं. 2025-26 च्या दराने वर्षाचे सुमारे 2,252 पौंड मिळाले, त्यातले 20 टक्के, म्हणजे 450, परत करायचे. याच माणसाने 1,600 पौंड गिफ्ट एडने दिले असतील तर ते 2,000 धरले जातात आणि चार्ज निम्म्यावर येतो. पावत्या जपून ठेवणारे आपल्यात किती आहेत?

एक राहिलं. चार्ज नको म्हणून आमच्या ओळखीच्या एका घरात अर्जच केला नाही. पैसे वाचले नाहीतच, उलट घर सांभाळणाऱ्या त्या बाईची पेन्शनची वर्षं कोरी राहिली. मूल 12 वर्षांचं होईपर्यंत या अर्जावर आईला नॅशनल इन्शुरन्सची नोंद मिळते, आणि पूर्ण सरकारी पेन्शनला अशी 35 वर्षं लागतात. अर्ज करून ‘रक्कम नको’ अशी खूण करता येते. तुमची बहीण, वहिनी तिथे असेल तर आज रात्रीच फोन करून विचारा, फॉर्म भरलाय का.