व्हेनिसच्या भिंती आणि तळीयेचे दप्तर



तळीयेच्या डोंगराखाली व्हेनिसच्या कलाप्रदर्शनाची चर्चा काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु तेथे जे मांडले गेले, ते महाड-पोलादपूरच्या माणसांना दिल्ली-मुंबईच्या रसिकांपेक्षा लवकर कळेल.

एप्रिल २०२४ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात उत्कृष्ट राष्ट्रीय दालनाचा सुवर्णसिंह ऑस्ट्रेलियाला प्रथमच मिळाला. दालन आर्ची मूर या आदिवासी कलावंताचे होते. त्याने भिंती व छत शाळेच्या फळ्यासारखे काळे केले आणि त्यांवर पांढऱ्या खडूने स्वतःची वंशावळ लिहिली. पासष्ट हजार वर्षे मागे जाणारी. ही वंशावळ मध्येच तुटते. तेथे काळ्या पोकळ्या आहेत. कत्तली, रोगराई आणि नष्ट केलेल्या नोंदी यांच्या त्या जागा. खाली पाण्याने वेढलेले विस्तीर्ण मेज, आणि त्यावर सरकारी कागदांचे शेकडो गठ्ठे: कोठडीत व तुरुंगात मेलेल्या आदिवासींच्या मृत्यूंचे चौकशी-अहवाल.

या मृत्यूंसाठी नेमलेल्या आयोगाने ९९ प्रकरणे तपासून १९९१ साली ३३९ शिफारशी केल्या. त्यानंतरही पाचशेहून अधिक आदिवासी कोठडीत मेले. मूरची कलाकृती ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेच विकत घेऊन ब्रिस्बेन व लंडनच्या संग्रहालयांना दिली. कलाकृती विकत घेणे सोपे असते. शिफारशी अमलात आणायला खर्च अधिक येतो.

पूर्वी जगाला आदिवासींकडून वेगळीच अपेक्षा असे. १९८९ च्या पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे होती आणि ऑस्ट्रेलियातील युएंदुमुच्या आदिवासींनी तेथे भूमिचित्र काढले होते. प्रदर्शनाचे नाव होते ‘पृथ्वीचे जादूगार’. जादूगाराला टाळ्या मिळतात. त्याला जमिनीविषयी कोणी विचारत नाही. मूर जादू घेऊन गेला नाही. तो सरकारचे दप्तर घेऊन गेला.

असे दप्तर या तालुक्यातही आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळून सुमारे दोनशे माणसे गेली. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली अहवाल दिला. तो बाजूला ठेवून दुसरी समिती नेमण्यात आली. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेची कोंडाळकरवाडी डोंगराने गिळली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. कित्येकांचे देह हाती लागलेच नाहीत. शोध थांबवून त्यांना मृत घोषित करण्यात आले. वाचलेल्यांच्या वाट्याला कंटेनरमधले तात्पुरते बिऱ्हाड आले.

कोठडीतला मृत्यू आणि दरडीखालचा मृत्यू एकच नव्हे, हे मान्य करावे लागेल. पाऊस कोणा शिपायाने पाडला नाही. पण उताराखाली कोण राहते, सोळा वर्षांपूर्वीच्या दरडींपासून कोणी काय बोध घेतला, हे प्रश्न पावसाला विचारायचे नाहीत.

सरकारी यादीत मृताचे नाव, वय आणि मदतीची रक्कम एवढेच उरते. कोण कोणाची आत्या, कोणाच्या घरात दिवा लावायलाही कोणी राहिले नाही, हे आजूबाजूच्या वाड्यांतील वृद्धांना अद्याप तोंडपाठ आहे. ते लिहून ठेवायला व्हेनिसचा कलावंत लागत नाही. शाळेची भिंत आणि खडू पुरे. लिहिणारे हात मात्र वाडीतलेच असावेत, आणि त्या भिंतीखाली तिन्ही गठ्ठे ठेवावेत: २००५ चा, २०११ चा आणि २०२१ चा.